वादी एकच, दावे दोन कशासाठी?



आपल्या चळवळीत एक वाक्य फार दिवस फिरत आहे. "आधी जातीचा प्रश्न सुटू द्या, बायकांचा प्रश्न मागाहून पाहता येईल." हे वाक्य बोलणारा बहुधा आपलाच माणूस असतो, विहारात पुढच्या रांगेत बसणारा, जयंतीची वर्गणी चोख देणारा. याच वाक्याचे दुसरे भावंड शहरांतील सभागृहांत ऐकू येते. "स्त्री म्हणून आधी एक व्हा, जात मध्ये आणू नका." ही दोन्ही वाक्ये एकमेकांची वैरीण दिसतात. परंतु दोघींनीही ज्या व्यक्तीला दाराबाहेर उभे केले आहे ती एकच आहे. ती म्हणजे आपली आई, आपली बहीण, आपली लेक. पहिला तिला म्हणतो, तू आज केवळ दलित हो. दुसरी म्हणते, तू आज केवळ स्त्री हो. ती बिचारी दोन्ही एकाच देहात आहे. तिने अर्धा देह कोठे ठेवून यावे, हे मात्र कोणी सांगत नाही.

आमचा व्यवसाय वकिलीचा असल्यामुळे या युक्तिवादाची जात आम्ही लगेच ओळखतो. एका न्यायालयाने तो एकदा उघडपणे मांडला होता. ते प्रकरण सातासमुद्रांपलीकडील आहे, परंतु मेढ्याच्या कचेरीत उभ्या असलेल्या स्त्रीला ते आपलेच वाटावे असे आहे.

अमेरिकेत सेंट लुईस येथे जनरल मोटर्स या मोटारी बनविणाऱ्या कंपनीविरुद्ध पाच कृष्णवर्णीय स्त्रियांनी दावा लावला. या कंपनीने १९६४ पूर्वी एकाही कृष्णवर्णीय स्त्रीला कामावर घेतले नव्हते. पुढे मंदी आली. कामगार कमी करताना नियम लावला तो असा की, जो शेवटी आला तो आधी जाईल. नियम दिसायला सरळ. त्यात रंगाचा उल्लेख नाही, लिंगाचा नाही. परंतु ज्यांना दारच उशिरा उघडले त्या शेवटी आलेल्या असणार, हे सांगायला ज्योतिषी नको. १९७० नंतर घेतलेल्या कृष्णवर्णीय स्त्रिया सर्वच्या सर्व घरी गेल्या. १९७६ साली न्यायालयाने निकाल दिला. स्त्रियांविरुद्ध भेद म्हणावा, तर कंपनीने गोऱ्या स्त्रिया आधीपासून घेतल्या होत्या. स्त्री म्हणून दावा टिकला नाही. वर्णभेद म्हणावा, तर त्याचा दावा निराळा चालवा, कृष्णवर्णीय पुरुषांच्या दाव्याबरोबर जा. परंतु वर्ण आणि लिंग ही दोन कारणे एकत्र बांधून कायद्यात नसलेला नवा वर्ग निर्माण करता येणार नाही! म्हणजे जखम एकच, परंतु तिच्यावर दोन दवाखान्यांत निरनिराळी चिठ्ठी आणा, आणि दोन्ही दवाखाने म्हणणार, ही आमच्याकडची नव्हे.

१९८९ साली किंबर्ले क्रेनशॉ या कृष्णवर्णीय विदुषीने, त्याही कायद्याच्याच प्राध्यापिका, या निकालाची चिरफाड केली. त्यांनी दृष्टांत दिला तो चौरस्त्याचा. चौरस्त्यावर उभ्या माणसाला या रस्त्याने येणारी गाडी धडकू शकते, त्या रस्त्याने येणारी धडकू शकते, आणि कधी दोन्ही बाजूंनी एकदम धडक बसते. अशा वेळी कोणत्या गाडीने किती हाड मोडले याचा हिशेब लागेपर्यंत जखमीला उचलायचेच नाही, असे म्हणणाऱ्यास काय म्हणावे? विद्वान या विचारास 'आंतरछेदितता' असा जड शब्द वापरतात. आपण साधेपणाने त्यास 'नाका' म्हणू. जातीचा रस्ता आणि पुरुषी सत्तेचा रस्ता जेथे एकमेकांना मिळतात त्या नाक्यावर आपली स्त्री उभी आहे.

हा विचार क्रेनशॉबाईंना एकाएकी सुचला असे मात्र नव्हे. १८५१ साली ओहायो प्रांतातील अ‍ॅक्रन येथे स्त्रियांच्या हक्कपरिषदेत सोजर्नर ट्रूथ ही एकेकाळची गुलाम स्त्री बोलावयास उठली. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. परंतु शेतात पुरुषाइतके राबलेले आपले शरीर हाच तिने पुरावा म्हणून मांडला. १९७७ साली बोस्टन येथील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या 'कोम्बाही रिव्हर' मंडळाने आपले निवेदन प्रसिद्ध केले. मंडळाने हे नाव एका नदीवरून घेतले होते. तिच्या काठी १८६३ साली हॅरिएट टबमन या शूर स्त्रीच्या पुढाकाराने साडेसातशेहून अधिक गुलाम मुक्त झाले होते. वर्ण, लिंग आणि वर्ग यांचे जुलूम एकमेकांत गुंतलेले आहेत, ते सुटे करून लढता येत नाहीत, हे त्या निवेदनाचे सार. १९८२ साली तीन विदुषींनी संपादिलेल्या एका ग्रंथाच्या नावातच हा टोला आहे: स्त्रिया म्हटले की साऱ्या गोऱ्या, कृष्णवर्णीय म्हटले की सारे पुरुष. १९९० साली पॅट्रिशिया हिल कॉलिन्स यांनी या परंपरेचे शास्त्र लिहिले आणि सांगितले की, राबणाऱ्या, झाडलोट करणाऱ्या, इतरांची मुले वाढविणाऱ्या स्त्रीपाशीही ज्ञान आहे. ते विद्यापीठाच्या शिक्क्याची वाट पाहत बसत नाही.

आता आक्षेप येईल: "हे परदेशी खूळ आपल्यात कशाला?" या आक्षेपकांना आम्ही विचारतो, १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' कोणास अर्पण केली? गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांस. बाबासाहेब १९१३ साली विद्येसाठी कोठे गेले? न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात. १९४६ साली त्यांनी पत्र कोणास पाठविले? कृष्णवर्णीयांचे थोर नेते डॉ. ड्युबॉइस यांस. १९७२ साली आपल्या तरुणांनी 'पँथर' हे नाव कोठून उचलले? तेव्हा ते परदेशी वाटले नाही. कृष्णवर्णीय पुरुषाचा विचार आला तेव्हा तो बंधुभाव ठरला, आणि कृष्णवर्णीय स्त्रीचा विचार आला की ते खूळ ठरते, यातच आक्षेपकाचे अंतरंग उघडे पडते.

खरी गोष्ट अशी की, हा विचार आपल्या घरातच जन्मला आहे. आपणच त्याची नोंद ठेवली नाही. १८५५ साली, म्हणजे सोजर्नर ट्रूथच्या भाषणानंतर अवघ्या चार वर्षांनी, पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय' पत्रात दोन हप्त्यांत छापला गेला. आम्हाला वेद वाचण्याचा अधिकार नाही, तर मग आमचा धर्म कोणता, असा सवाल त्या मुलीने पेशवाईच्या राजधानीत केला. परंतु ती तेथे थांबली नाही. आपल्या जातींतील स्त्रिया बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते, हेही तिने लिहिले. जातीचे दुःख लिहिताना बाळंतिणीचे दुःख तिने वेगळ्या पानावर ठेवले नाही. तिला शिकविणाऱ्या सावित्रीबाई आपल्याच सातारा जिल्ह्यातील नायगावच्या, हे येथे सांगितले पाहिजे.

१९१६ साली बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात जातिसंस्थेवर निबंध वाचला. त्याचा गाभा काय? जातीचा प्राण म्हणजे जातीतच लग्न; आणि जातीतच लग्न टिकवायचे तर स्त्रीला बंदिस्त ठेवावे लागते. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही प्रथांचा उगम त्यांनी येथे दाखविला. तेव्हा "आधी जात, मग बाई" म्हणणाऱ्याने हा निबंध वाचलेलाच नाही. स्त्रीच्या दास्याच्या विटांनी जातीची भिंत बांधली आहे. विटा तशाच ठेवून भिंत पाडू म्हणणारा गवंडी आम्ही अजून पाहिला नाही.

१९२७ च्या डिसेंबरात महाडला मनुस्मृती जाळली गेली. ती शूद्रांना गुलाम करते म्हणून जशी जाळली, तशीच ती स्त्रीला कधीच स्वतंत्र होऊ देत नाही म्हणूनही जाळली गेली. त्याच महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांची स्वतंत्र सभा घेऊन त्यांच्याशी संवाद केला. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित स्त्रियांची अखिल भारतीय परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या, आणि समुदाय हजारोंचा होता. त्या परिषदेने काय मागितले? घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, गिरणीतील व विडी-कारखान्यांतील कामगार स्त्रियांना सवलती, मुलींच्या शिक्षणाची सोय. जातीचा, लिंगाचा आणि पोटाचा प्रश्न त्या निरक्षर म्हणविल्या जाणाऱ्या मायबहिणींनी एकाच ठरावपत्रात बसविला. कोम्बाही मंडळाच्या निवेदनास तेव्हा पस्तीस वर्षे अवकाश होता!

आणि ज्या धम्मात आपण आलो आहोत त्याची साक्ष काढा. थेरीगाथेत पुण्णिका थेरीची कथा आहे. ती अनाथपिंडिकाच्या घरची दासी. कडाक्याच्या थंडीत नदीवर पाणी भरणारी. थंडीत कुडकुडत स्नान करून पाप धुऊ पाहणाऱ्या ब्राह्मणाला तिने विचारले की, पाण्याने पाप जात असेल तर बेडूक आणि कासवे आधी स्वर्गात गेली पाहिजेत. ब्राह्मण निरुत्तर झाला आणि बुद्धाला शरण गेला. दासी, स्त्री आणि तत्त्ववेत्ती एकाच व्यक्तीत असू शकते, हे ज्या परंपरेने अडीच हजार वर्षांपूर्वी मान्य केले, तिच्या वारसांनी आज स्त्रीला विहारात केवळ फुले वाहायला आणि खीर वाटायला ठेवावे, हे शोभते काय?

आता दोन्ही पक्षांचे माप त्यांच्या पदरात घालू. सवर्ण स्त्रियांच्या चळवळीने बहुत चांगले काम केले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु 'स्त्री' म्हणताना तिच्या डोळ्यांसमोर जी मूर्ती होती ती पाणवठ्यावरून हाकलली गेलेली नव्हती. १९९५ साली प्रा. गोपाळ गुरू यांनी दलित स्त्रियांचे बोलणे वेगळे का, हे लिहिले. १९९८ साली पुणे विद्यापीठातील प्रा. शर्मिला रेगे यांनी तो विचार पुढे नेऊन स्पष्ट सांगितले की, सवर्ण स्त्री हीच 'स्त्री' आणि दलित पुरुष हाच 'दलित' असे धरून चालल्यामुळे दलित स्त्री दोन्हीकडून नाहीशी झाली. त्यांनी दलित स्त्रियांची आत्मकथने समाजशास्त्राच्या वर्गात आणली. पुढे बाबासाहेबांच्या स्त्रीविषयक लेखनाचा त्यांचा ग्रंथ २०१३ साली निघाला, आणि त्याच वर्षी त्या गेल्या. स्वतः सवर्ण घरात जन्मूनही त्यांनी जे केले ते आपल्या अनेक सभापतींना जमलेले नाही.

कारण आपला पक्षही धुतल्या तांदळासारखा नाही. आपल्याच जिल्ह्यातील फलटणच्या बेबीताई कांबळे छोटे दुकान चालवीत होत्या. सामान बांधण्याच्या रद्दी कागदांवरील मजकूर वाचत त्या घडल्या. त्यांनी 'जिणं आमुचं' लिहिले आणि ते घरच्यांपासून लपवून वर्षानुवर्षे ठेवले. १९८६ साली ते पुस्तकरूपाने आले. गावाने महारवाड्याला कसे छळले हे त्यांनी लिहिले. आणि महारवाड्याने आपल्या सुनेला कसे छळले, पळून जाऊ नये म्हणून तिच्या पायात लाकडी खोडा कसा अडकविला, हेही लिहिले. बाहेरचा बेड्या घालणारा आणि आतला खोडा घालणारा या दोघांनाही त्यांनी एकाच पानावर उभे केले. हेच ते धैर्य! १९८९ साली उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या आठवणी घरोघर जाऊन गोळा केल्या. त्या पुस्तकाचे नाव 'आम्हीही इतिहास घडवला'. त्या नावातील 'ही' हे एक अक्षर आपल्या साऱ्या इतिहासकारांवरील आरोपपत्र आहे. काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात, भूमिहीनांच्या लढ्यात, नामांतराच्या आंदोलनात ज्या तुरुंगात गेल्या, त्यांना स्वतःची नोंद स्वतःच करावी लागली.

आता कायद्याकडे येऊ. जनरल मोटर्सच्या निकालाला हसणाऱ्यांनी आपल्या घटनेचे पंधरावे कलम पाहावे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांपैकी 'केवळ' कोणत्याही कारणावरून राज्याने भेद करू नये, असे ते सांगते. शब्द उदार आहेत. परंतु १९८१ साली एअर इंडियातील सेविकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या 'केवळ' शब्दाचा अर्थ असा लाविला की, लिंगासोबत दुसरे कारण मिसळले असेल तर या कलमाची मनाई लागू होत नाही. म्हणजे जुलूम शुद्ध असेल तर दाद. मिश्र असेल तर परत जा! या अर्थावर न्यायालयानेच पुढे, २०१८ साली, टीका केली हे खरे. पण ती वाट सदतीस वर्षांची झाली.

२९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी. भोतमांगे या बौद्ध कुटुंबातील माता, कन्या आणि दोन पुत्र यांना गावातील जमावाने ठार केले. २००८ साली खालच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. २०१० साली उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. परंतु दोन्ही न्यायालयांना या हत्याकांडात जात दिसली नाही. अत्याचार प्रतिबंधक कायदा लागला नाही, आणि स्त्रीच्या अब्रूवरील हल्ल्याचे कलमही सिद्ध झाले नाही. जमिनीच्या तुकड्यासाठी ताठ उभी राहणारी बौद्ध स्त्री गावाला का खुपते, हा प्रश्न जातीच्या रकान्यातही मावला नाही आणि स्त्रीच्या रकान्यातही नाही. नाक्यावरच्या प्रेताचा पंचनामा दोन्ही रस्त्यांनी नाकारला.

२७ एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाटण जमाल वली विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या खटल्यात प्रथमच या विषयाचे विस्ताराने विवेचन केले. पीडिता जन्मांध, अनुसूचित जातीची आणि स्त्री होती. न्यायालयाने क्रेनशॉबाईंच्या विचाराचा आधार घेऊन म्हटले की, अशा स्त्रीवरील जुलमाची कारणे सुटी करता येत नाहीत. बलात्काराची जन्मठेप कायम राहिली. परंतु अत्याचार प्रतिबंधक कायद्याखालील शिक्षा रद्द झाली, कारण गुन्हा घडला त्या काळचे कलम 'ती त्या जातीची आहे या कारणावरून' असा पुरावा मागत होते आणि तो स्वतंत्रपणे कागदावर आला नव्हता. विचार जिंकला, पुरावा हरला.

बंधु-भगिनींनो, हे वाक्य घरी लिहून ठेवा, कारण यात आपले काम सांगितले आहे. २६ जानेवारी २०१६ पासून कायदा बदलला आहे. आता 'ती त्या जातीची आहे हे ठाऊक असून' गुन्हा केला, एवढे दाखविणे पुरते. आणि आरोपीची कुटुंबाशी ओळख असेल तर ही माहिती त्यास होती असे न्यायालय गृहीत धरते. गावात कोण कोणाचा हे कोणास ठाऊक नसते? परंतु हे फिर्यादीत आलेच पाहिजे. अनुभव असा की, फिर्याद लिहून घ्यायला पुरुष कार्यकर्ते पुढे होतात, 'जातिवाचक शिवीगाळ' हे शब्द घालतात, आणि पदराला हात घातल्याचे अब्रूच्या भयाने गाळतात; किंवा दुसरीकडे छेडछाड लिहिली जाते आणि जात गळते. तसे होता कामा नये. तिचे सर्व बोलणे तिच्याच शब्दांत येऊ द्या. लैंगिक गुन्ह्यात तिचा जबाब स्त्री-अधिकाऱ्याने नोंदविला पाहिजे, असा कायदा आहे. फिर्यादीची प्रत फुकट मिळते. तो तिचा हक्क आहे. नवदीक्षितांनी आणखी एक ध्यानात ठेवावे: १९९० पासून बौद्ध झालेल्या अनुसूचित जातीच्या व्यक्तीचा तो दर्जा व त्याचे संरक्षण कायम आहे. "बौद्ध झालात, आता कसली अ‍ॅट्रॉसिटी?" असे कोणी कचेरीत म्हणाले तर गप्प बसून परत फिरू नका.

शेवटी आपल्या उंबऱ्याच्या आतील गोष्ट. हिंदू कोड बिल रखडविले म्हणून, इतर कारणांबरोबर, बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. त्याच बिलाचे तुकडे पुढे कायदे झाले आणि ते बौद्धांनाही लागू आहेत. मृत्युपत्र न करता वारलेल्या बापाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला मुलाइतका वाटा १९५६ पासून आहे. वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत ती २००५ पासून जन्मतःच सहहिस्सेदार आहे, आणि त्या दिवशी बाप हयात असण्याचे कारण नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली ठरविले. आता आपल्या जावळी तालुक्यात डोळे उघडून पाहा. महाबळेश्वर आणि कासच्या वाटेवरच्या जमिनींना भाव आले. मे महिन्यात मुंबईचे भाऊ गावी येतात, बहिणीला साडी-चोळी होते, आणि तिला निबंधकाच्या कचेरीत नेऊन हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. ज्या भावाच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आहे तोही हेच करतो. ज्या कायद्यासाठी बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडले, तो कायदा हा भाऊ एका साडीवर मिटवितो! "वाटा मागितला तर माहेर तुटेल," असे तिला सांगतात. ज्या माहेरात सही दिली तरच जागा आहे, ते आधीच तुटलेले आहे. तिला कळविलेले नाही इतकेच. वतनी जमिनींच्या जोखडातून समाज सुटावा म्हणून १९२८ साली बाबासाहेबांनी कायदेमंडळात बिल आणले. त्या जमिनींच्या सातबाऱ्यावर आज बहिणीचे नाव शोधून पाहा, म्हणजे स्वातंत्र्य कोणाकोणास मिळाले ते कळेल.

ग्रामपंचायतीत अनुसूचित जातीच्या जागांतही स्त्रियांसाठी जागा राखून घटनेने १९९३ पासून हा नाका ओळखला. परंतु खुर्चीत ती आणि कारभारात तिचा नवरा, हा खेळ आपल्या वस्तीतही चालतो. याच तालुक्यातील स्त्रियांनी मतदान करून बाटली आडवी केली आणि दारूची दुकाने बंद पाडली. त्यांना मत नाही, समज नाही, असे कोणत्या तोंडाने म्हणता?

"यामुळे समाजात फूट पडेल," हा अखेरचा आक्षेप. आम्ही उत्तर देतो: अस्पृश्यांनी हक्क मागितले तेव्हा हेच शब्द काँग्रेसच्या पुढाऱ्यांनी बाबासाहेबांना ऐकविले होते. तेव्हा ते शब्द खोटे होते; आज ते आपल्या तोंडून निघाले म्हणून खरे होत नाहीत. फूट अन्यायाने पडते. अन्याय बोलून दाखविल्याने ती दिसते एवढेच. कोम्बाहीच्या स्त्रियांनी कृष्णवर्णीय पुरुषांशी नाते तोडले नाही. वर्णद्वेषाविरुद्ध त्यांच्या खांद्याला खांदा लावू आणि पुरुषी वर्चस्वाबद्दल त्यांच्याशी भांडू, असेच त्यांनी सांगितले. आपल्या भगिनीही एवढेच म्हणतात.

म्हणून प्रत्येक नवदीक्षित घराने चार गोष्टी कराव्या. विहार समितीत निम्म्या स्त्रिया घ्याव्या, आणि हिशेबाची वही त्यांच्या हाती द्यावी. बहिणीचे नाव सातबाऱ्यावर लावल्याशिवाय वाटणीचा कागद करू नये. अत्याचाराच्या फिर्यादीत तिचा शब्द गाळू नये. आणि मुक्ता साळवे, बेबीताई कांबळे, शांताबाई कांबळे यांची पुस्तके व लेख वर्षावासात घरी मोठ्याने वाचावे, मुलांनी आणि मुलींनी एकत्र बसून.

बावीस प्रतिज्ञा घेताना आपण सर्व माणसे समान मानण्याची आणि समतेसाठी झटण्याची शपथ घेतली. त्या दिवशी आपल्या शेजारी पांढरे वस्त्र नेसून तीही उभी होती आणि तेच शब्द बोलत होती. तो करार दोघांनी मिळून केला आहे, आणि त्याची अंमलबजावणी मागण्याचा तिला तितकाच अधिकार आहे.

जय भीम!